रात्रीचा कूलर: आवाज नेमका कुठून येतो, ते शोधायचं कसं

मे महिन्यात आमच्याकडे परभणीला रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवली तरी चटका बसतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत घरात धग सोडत राहतो. अशा दिवसांत कूलर बंद करून झोपता येत नाही, आणि कूलरच घरघरायला लागला तर चालू ठेवूनही झोप लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमचे आप्पा सलग चार रात्री उठून ओसरीत बाजेवर जाऊन पडत होते. पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "झोपच येईना गेली बघ. कानाशी कुणी जातं फिरवायल्यासारखं व्हायलंय."

मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने कूलर दोन मिनिटं चालवून पाहिला आणि मोटर गेली म्हणून सांगितलं. नवी मोटर बसवली, पैसे दिले. त्याच रात्री अडीचच्या सुमाराला तीच घरघर पुन्हा सुरू झाली. मोटर चांगलीच होती. दोष दुसरीकडे होता, आणि तो दिवसा दिसणारच नव्हता, कारण दिवसा ती वेळच येत नव्हती. ते कसं, ते पुढे सांगतो.

तेव्हापासून आमच्या गल्लीतले सात-आठ कूलर मी उघडून पाहिले असतील. आवाज शोधायची एक रीत त्यातून बसली, ती इथे लिहितो. पत्र्याचा, एक्झॉस्ट पंख्याचा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या असलेला जो कूलर मराठवाड्यात घरोघरी दिसतो, तो डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. प्लास्टिकच्या कूलरलाही यातलं बहुतेक लागू पडतं. पान्याला हात घालायच्या आधी आवाज कुठला ते पक्कं करायचं, एवढं मात्र दोन्हींकडे सारखंच.

आधी विजेचं

पत्रा, पाणी आणि वीज एका ठिकाणी आली की चूक माफ होत नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्या भागात दर उन्हाळ्यात येते, आणि त्यात बऱ्याचदा पाणी भरणारी बाई किंवा खेळता खेळता हात लावणारं लेकरू असतं. म्हणून हे अगोदर.

कूलर उघडायचा असेल तर पिन सॉकेटमधून काढून हातात घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं. बटण बंद असलं तरी आत फेज जिवंत राहतो. पिन तीन पायांची हवी आणि सॉकेटला खरोखरची अर्थिंग हवी. दोन पायांची पिन आणि लोंबती एक्स्टेंशन वायर यांवर पत्र्याचा कूलर चालवू नका. घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर कूलरच्या आवाजाआधी ते बसवून घ्या. विजेची गळती झाली की ते क्षणार्धात लाईन तोडतं. चालू कूलरमध्ये पाणी ओतायचं नाही, आणि चालू कूलरच्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. खाली एका तपासणीत चालू कूलरचा पत्रा दाबावा लागणार आहे. त्यासाठी स्वयंपाकघरातलं कोरडं लाकडी लाटणं घ्या, पायात रबरी चप्पल घाला आणि जमीन कोरडी असू द्या.

पहिली रात्र नुसती ऐकायची

पहिल्या रात्री काहीही दुरुस्त करू नका. एक कागद आणि पेन उशाशी ठेवा. कूलरला साधारणपणे दोन बटणं असतात, एक पंख्याचं आणि एक पंपाचं. घर शांत झाल्यावर आधी फक्त पंखा चालवा आणि दोन मिनिटं ऐका. मग पंखा बंद करून फक्त पंप. मग दोन्ही. शेवटी दोन्ही बंद करून कान द्या, कारण कूलर बंद असतानाही जाळीतून पाणी टपकत असतं, आणि कधी कधी माणसाची झोप मोडते ती त्या टपटपीनेच.

एवढ्या चार टप्प्यांत निम्मा शोध संपतो. फक्त पंख्याला आवाज आला तर पंप विसरून जा. फक्त पंपाला आला तर मोटरवर खर्च करू नका. दोन्ही एकत्र चालू असतानाच आवाज येत असेल, तर बहुधा पत्रा एकाच्या थरथरीवर दुसऱ्याची थरथर चढवतोय.

आता दुसरी खूण. ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. पंखा पूर्ण वेगात फिरत असताना बटण बंद करा आणि आवाज कसा मरतो ते ऐका. बटण बंद होताक्षणी आवाज तुटला आणि पंखा मात्र मुकाट्याने फिरत राहिला, तर तो आवाज विजेचा: वाइंडिंगची गुणगुण, कपॅसिटर, रेग्युलेटर. पंखा मंदावत जाईल तसा आवाजही मंदावत गेला, तर तो यंत्राचा: मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग (आत गोळ्या असलेलं) किंवा बुश (नुसती धातूची नळी), नाहीतर पातं. आणि पंखा मंदावताना मधेच एका वेगाला क्षणभर जोरात 'झर्र' होऊन गप्प झालं, तर पत्रा किंवा जाळी कुठेतरी सैल आहे. प्रत्येक सैल वस्तूची थरथरायची आपली एक लय असते. पंख्याचा वेग त्या लयीशी जुळला की ती बोलते, वेग पुढे सरकला की गप्प बसते.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. आवाज किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा. झोपेत आपल्याला वाटतं की रात्रभर घरघर होती. घड्याळ पाहिलं की कळतं, ती दीडला सुरू झाली किंवा चारला.

अडीचची घरघर

आमच्या कूलरचा दोष वेळेने सापडला. दोन रात्री मी लिहून ठेवलं: एकदा दोन चाळीस, एकदा अडीच. रात्री नऊला टाकी काठोकाठ भरलेली असायची. तिसऱ्या रात्री अडीचला टॉर्च घेऊन जाळी काढली. पिन अर्थातच आधी काढून ठेवली होती. आत पाहिलं तर पाणी जेमतेम चार बोटं उरलेलं. पंपाचं डोकं उघडं पडलेलं, आणि पंप कलंडून टाकीच्या पत्र्याला टेकलेला. टाकी भरलेली असते तेव्हा पाणीच पत्र्याची थरथर दाबून धरतं. पाणी उतरलं की तोच पत्रा ढोलासारखा वाजायला लागतो. वर पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता, म्हणून गुरगुर वेगळीच. मिस्त्रीने कूलर पाहिला तो सकाळी दहाला, टाकी भरलेली असताना. त्याला तरी ते कसं ऐकू यावं?

आपल्या कोरड्या हवेत कूलर पाणी किती खातो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एप्रिल-मेमध्ये हवेत ओलावाच नसतो, म्हणून जाळीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि त्याच उडण्यात हवेतली उष्णता शोषली जाते. गारवा मिळतो तो त्यामुळेच, म्हणजे पाणी जास्त खाणारा कूलर काही बिघडलेला नसतो. तुमच्या कूलरचा हिशोब तुम्हीच काढा. टाकीच्या आतल्या बाजूला खडूने खूण करा, दोन तास कूलर चालवा, पाणी किती बोटं उतरलं ते मोजा. त्यावरून रात्रभराला टाकी पुरते की नाही ते कळेल. पुरत नसेल तर झोपण्याआधी पुन्हा एकदा काठापर्यंत भरा, किंवा पहाटे दोनच्या पुढे पंप बंद राहील असा टायमर पंपाच्या लाईनवर बसवा. पहाटेच्या गार हवेत नुसत्या पंख्यावरही भागतं.

पंपासाठी करायचं ते एवढंच. पिन काढा, पंप बाहेर घ्या, खालची जाळीची टोपी उघडा. आतल्या छोट्या चक्रीवर गवताची काडी किंवा केस गुंडाळलेला असतो, तो काढा. पांढरा थर असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून, लिटरला दोन चमचे या मापाने, अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. मग पंपाखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ठेवा आणि पंप टाकीच्या कुठल्याही भिंतीला टेकणार नाही असा मध्यावर बसवा. वर जाणारी नळी पत्र्याला घासत असेल तर तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. एवढं करूनही पंपाची सारखी 'हूं' राहिली तर ती त्याची जन्मजात गुणगुण. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणून 100 हर्ट्झचा सूर निघतो. तो पत्र्याला लागू दिला नाही की कानाला जाणवतही नाही.

पत्रा बोलतो तेव्हा

आता लाटणं. कूलर चालू, घरघर चालू. लाटण्याच्या टोकाने एकेक पत्रा हलकेच दाबा: डावी बाजू, उजवी बाजू, टप, पुढची पट्ट्यांची जाळी, मागची जाळी, मग चारही पाय. जिथे दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तिथे खडूने फुली मारा. हात पंख्याच्या तोंडाकडे न्यायचा नाही, आणि लाटणं जाळीच्या आत घालायचं नाही.

शेजारच्या काकूंच्या कूलरला अशा फुल्या मारल्या तर पाच झाल्या. पाचही ठिकाणी स्क्रू होते, पण दरवर्षी उघडून-लावून भोकं मोठी झाली होती आणि स्क्रू नुसते अडकवल्यासारखे फिरत होते. अशा ठिकाणी जाड स्क्रू लावून फारसा उपयोग होत नाही. पुढच्या वर्षी भोक आणखी मोठं होतं. नट-बोल्ट घाला, पत्रा आणि नट यांच्यामध्ये रबरी वायसर द्या. रबरी वायसर नसेल तर ट्यूबचे गोल तुकडे कापा. मागच्या-बाजूच्या जाळ्या आकड्यावर टांगलेल्या असतात, तिथे चौकटीच्या कडेने ट्यूबची किंवा फोमची पट्टी चिकटवा. पुढच्या पट्ट्या, ज्यांनी हवेची दिशा बदलतो, त्या सैल झाल्या की पत्त्यांसारख्या फडफडतात. त्यांच्या टोकांना ट्यूबचा बारीक तुकडा खोचला तरी पुरतं.

स्टँडकडे लोक बघतच नाहीत. चार पायांपैकी एक अर्धा सेंटीमीटर वर असला तरी अख्खा कूलर डोलतो. पायाखाली लाकडाची चिप सारू नका, ती पाण्याने फुगते. जुन्या टायरचे चौकोनी तुकडे चारही पायांखाली द्या. ज्यांचा कूलर खिडकीत अडकवलेला आहे, त्यांनी कूलरचा पत्रा आणि खिडकीची चौकट यांच्यात कुठेही लोखंडाला लोखंड लागू देऊ नये. चौकटीतून थरथर भिंतीत जाते आणि पलीकडच्या खोलीत झोपलेल्यालाही ऐकू येते. ती फट दुमडलेल्या गोणपाटाने किंवा फोमने भरा. गरम हवा आत शिरायचीही थांबते.

पातं, क्षार आणि डगमग

फक्त पंख्यावर येणारी, वेगाबरोबर वाढणारी 'धब-धब' ही बहुतेक वेळा पात्यांची असते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. जाळीतून उडालेले बारीक थेंब पात्यावर वाळतात, त्यावर उन्हाळ्याची धूळ बसते, आणि महिनाभरात चुन्याचा खरखरीत लेप तयार होतो. तो चारही पात्यांवर सारखा बसला तर फारसं बिघडत नाही. एका पात्यावरून पापुद्रा निघाला आणि बाकीच्यांवर राहिला, की तोल गेला.

पिन काढा, पुढची जाळी उघडा. पातं हाताने हळू फिरवा आणि सोडा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. सगळी पाती लिंबूसत्वाच्या पाण्याने पुसून काढा. अ‍ॅल्युमिनियमची असतील तर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ते पाणी लावून ठेवू नका, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. नंतर साध्या पाण्याने धुवा. मोटरवर पाणी जाऊ नये म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि काम झाल्यावर ती न विसरता काढा.

मग पात्यांची रांग तपासा. कूलरच्या चौकटीवर एक पेन्सिल चिकटपट्टीने अशी बसवा की तिचं टोक एका पात्याच्या कडेला जेमतेम शिवेल. आता पंखा हाताने फिरवत बाकीची पाती त्या टोकापाशी आणा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. एखादं पातं बोटभर पुढे किंवा मागे असेल तर ते वाकलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमचं पातं दोन्ही हातांनी, मुळाशी आधार देऊन, थोडं थोडं सरळ करता येतं. प्लास्टिकचं पातं तडकलं असेल तर चिकटवत बसू नका, पंखाच बदला. वेगात तुटलेला तुकडा जाळीतूनही बाहेर येऊ शकतो.

पंख्याच्या मधल्या टोपीवर एक बारीक आडवा स्क्रू असतो, तो मोटरच्या दांड्याला पंखा घट्ट धरतो. दांड्याची एक बाजू सपाट केलेली असते आणि स्क्रू बरोबर त्या सपाटीवर बसायला हवा. गोल भागावर आवळलेला असेल तर आठवडाभरात सुटतो, आणि मग सुरू करताना व बंद करताना 'टक' असा आवाज येतो. पुष्कळांनी या एका 'टक'साठी मोटर उघडलेली मी पाहिली आहे.

मोटरच दोषी असेल तर

पाती स्वच्छ, पत्रा घट्ट, पंप गप्प, आणि तरीही घरघर. मग मोटर. पिन काढून दांडा दोन बोटांत धरा आणि वर-खाली हलवून बघा. किंचितही 'खट' जाणवली तर आतली बैठक झिजली आहे. दांडा मागे-पुढे थोडा सरकतो तो सरकू द्या, तेवढी सूट ठेवलेलीच असते. पंखा हाताने फिरवून कान जवळ न्या. वाळू चुरडल्यासारखी करकर आली तर बेअरिंग, कोरडी किरकिर आली तर बुश.

बुशच्या मोटरला दोन्ही टोकांना तेल प्यायची नमद्याची चकती असते. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. खोबरेल तेल घालू नका, ही विनंती. ते काही दिवस आवाज दाबतं, मग धुळीत मिसळून डिंकासारखं होतं, आणि हिवाळ्यात गोठतं ते वेगळं. गंज सोडवायचा स्प्रे मारणंही तसंच: आतलं उरलंसुरलं वंगण धुऊन निघतं आणि चार दिवसांनी किरकिर दुप्पट होऊन परत येते.

बेअरिंगची मोटर असेल आणि बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असतील, तर त्यात तेल-ग्रीस आत जात नाही. ते बदलावंच लागतं. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच दुकानात सांगा, आणि दोन्ही बेअरिंग एकदम बदला. एक जुनं ठेवलं तर महिन्यात पुन्हा मोटर उघडावी लागते. ज्यांनी पूर्वी कधी मोटर उघडलेली नाही त्यांनी हे काम वाइंडिंगवाल्याकडे द्यावं. बेअरिंग ठोकून बसवताना दांडा वाकला तर ती मोटर पुन्हा कधीच शांत चालत नाही.

आता विजेचा आवाज, म्हणजे बटण बंद करताच तुटणारा. पंखा सुरू व्हायला वेळ घेतो, हाताने ढकलावा लागतो आणि नुसती गुणगुण ऐकू येते, तर कपॅसिटर उतरला आहे. तो स्वस्तात मिळतो. त्याच्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा जेवढा आहे तेवढाच नवा घ्या. जास्त आकड्याचा लावला की मोटर जोरात फिरेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, वाइंडिंग तापते. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून त्याच्या उघड्या तारांना बोट लावू नका.

गोल फिरवायच्या रेग्युलेटरवर गुणगुण वाढते आणि पूर्ण वेगावर ती जाते, असं असेल तर दोष रेग्युलेटरच्या जातीचा आहे. तो प्रत्येक आवर्तनाचा तुकडा कापून वेग कमी करतो आणि त्या कापण्यानेच मोटर गुणगुणते. टप्प्याटप्प्याने खटखट फिरणारा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर लावा. मोटरला चालणारा आहे ना, हे दुकानदाराला विचारूनच.

गावाकडे व्होल्टेजचाही हात असतो. डीपीवर भार पडला की व्होल्टेज 230 वरून खाली येतं, मोटरचा जोर त्याहून वेगाने घटतो आणि ती कण्हत फिरते. मध्यरात्रीनंतर भार उतरला की व्होल्टेज कधी कधी वाजवीपेक्षा वर चढतं आणि गुणगुण वाढते. तुमच्या वहीत आवाजाची वेळ रोज तीच येत असेल आणि त्याच वेळी घरातला बल्ब मंद किंवा प्रखर होत असेल, तर कूलर उघडू नका. लाईनमनला सांगा, किंवा स्टॅबिलायझरचा विचार करा.

टपटप

याला मोठं यंत्रशास्त्र लागत नाही. वरच्या नळीची किंवा पन्हाळीची काही भोकं क्षाराने बुजतात आणि उरलेल्यांतून पाणी धारेने पडतं. गवतात न मुरता ते सरळ टाकीत कोसळतं. भोकं तारेने किंवा दाभणाने मोकळी करा. मग जाळीच्या खालच्या कडेला सुती कापडाच्या पट्ट्या अशा बांधा की त्यांचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडेल. पाणी कापडावरून घसरत उतरतं, थेंब पडत नाही. आप्पांच्या जुन्या धोतराच्या अशा चार पट्ट्या आमच्या कूलरला अजून आहेत. गवत गोळा होऊन खाली बसलं असेल, वर उघडी जागा दिसत असेल, तर ते बदलायची वेळ झाली. वाळ्याची जाळी मिळाली तर तीच घ्या. पहिल्या रात्रीचा तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको.

टाकीला फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा, लावला असेल तर तो अर्धवट उघडा असताना 'सूं' करतो. झोपताना त्याच्या नळाची चावी बंद ठेवा, पण आधी टाकी भरून घ्या.

हवेला वाट हवी

खोली चारही बाजूंनी बंद करून कूलर लावला तर पंखा हवेला ढकलत राहतो आणि हवा जायला जागाच नसते. सूं-सूं वाढते, खोली दमट होते, चादर चिकटते, आणि मग माणूस वेग आणखी वाढवतो. कूलर चालू असताना समोरचं दार उघडून बघा. आवाज लगेच हलका झाला तर कारण सापडलं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी रात्रभर वीतभर उघडी ठेवा. कूलरच्या पाठीमागे भिंत फुटाच्या आत असेल तर कूलर पुढे ओढा, आणि जाळ्या धुळीने भरल्या असतील तर त्या धुवा.

आणि एवढं सगळं करूनही पंख्याचा वाऱ्याचा आवाज राहतोच, तो कमी करायला वेगच कमी करावा लागतो. इथे हिशोब आपल्या बाजूने आहे. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला तर हवा 20 टक्के कमी मिळते, आवाज मात्र साधारण 5 डेसिबलने उतरतो. मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या मोटरऐवजी 900 फेऱ्यांची मोटर त्याच पंख्याला लावली तर जवळपास 10 डेसिबलचा फरक पडतो, आणि 10 डेसिबल म्हणजे कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखं वाटतं. हवा तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त कमी होते. हॉलमध्ये 1400 ठीक आहे. झोपायच्या खोलीत, म्हातारं माणूस किंवा तान्हं लेकरू असेल तर, 900 फेऱ्यांचीच मोटर घ्यावी असं माझं ठाम मत आहे. दांड्याची जाडी आणि बोल्टच्या भोकांचं अंतर जुन्या मोटरशी जुळतं का, ते मोजूनच दुकानात जा.

आमच्याकडे आता असं चालतं: संध्याकाळी आठ ते अकरा पूर्ण वेग, म्हणजे भिंती थोड्या निवतात. अकराला टाकी भरायची, वेग कमी करायचा. अडीचला टायमर पंप बंद करतो. आप्पा आत झोपतात.

हंगाम संपताना

पाण्याचं भान ठेवूनच हे सगळं करायचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. टँकरच्या दिवसांत कूलरला धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी गाळून वापरता येतं. टाकी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. काढलेलं पाणी झाडांना घाला. ते खारट झालेलं असतं, म्हणून कुंडीत नको, मोठ्या झाडाच्या आळ्यात. टाकीत साठलेले क्षार असे दर आठवड्याला निघून गेले तर पंप आणि पाती यांवरचा थरही कमी बसतो.

मृग लागला आणि हवा दमट झाली की कूलर गारवा द्यायचा थांबतो. त्या आठवड्यातच तो आवरा. गवत काढून टाका, टाकी उन्हात वाळवा, गंजलेल्या जागी घासून रंगाचा हात द्या. बुशची मोटर असेल तर तेलाचे दोन थेंब घाला आणि जुन्या चादरीत कूलर झाका, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. शेवटी एका कागदावर बेअरिंगचा नंबर, कपॅसिटरचा आकडा, मोटरच्या फेऱ्या आणि यंदा काय काय बदललं ते लिहून तो कागद पिशवीत घालून आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या गुढीपाडव्याला कूलर काढाल तेव्हा दुकानात काय मागायचं ते त्यावर असेल.